चारदा मेलेला कोट

मित्रांनो, मला खुंटीवर टांगले की माझे डोके फिरते. कोटाला डोके नसते हे मला माहीत आहे, तरी फिरते. मी एक जुना, लांब कोट आहे. रंग शेवाळी, उंची गुडघ्याखाली, आणि स्वभाव असा की मला चालायला लागते. कुणीतरी मला अंगात घालावे, हात खिशात कोंबावेत आणि निघावे, एवढेच माझे म्हणणे. माणसांना मात्र घडी घालून ठेवायचा फार सोस. म्हणून माझी गोष्ट मी जरा घाईनेच सांगणार आहे.

माझा जन्म इटलीतल्या एका लहान गावात झाला. तिथल्या शिंप्याने मला एका बस कंडक्टरसाठी शिवले. कापड लोकरीचे, अस्तर जाड. बसमध्ये मागेपुढे करत मी सुखात होतो. मग कंडक्टरचे पोट सुटले आणि माझी बटणे लागेनात. त्याने मला विकले आणि मी सिनेमावाल्यांच्या हाती पडलो.

सिनेमावाले म्हणजे सात-आठ उपाशी चेहऱ्यांची माणसे. मेलेले लोक कबरीतून उठून गावावर चालून येतात, असा भीतीचा पिक्चर त्यांना काढायचा होता आणि जवळ दमडी नव्हती. कॅमेरा पुढे सरकवायला गाडी नव्हती. कॅमेरावाला दवाखान्यातल्या चाकाच्या खुर्चीत बसायचा आणि दिग्दर्शक स्वतः ती ढकलायचा. रक्त म्हणजे साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग. त्यावर इतक्या माश्या बसायच्या की मेलेली माणसे हाताने त्या हाकलू लागायची आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागायचे. चेहऱ्यांवर पिठाचा लेप असायचा. पळाले की तो गळून पडे, म्हणून सगळ्या मेलेल्यांना सक्त ताकीद होती, हळू चाला.

हे मेलेले गावातलेच होते, दुपारचे जेवण मिळते म्हणून आलेले. तेही पुरेनात. मग एक जण गोळी खाऊन पडला की झुडपामागे जाऊन मला उतरवायचा, आणि त्याचा मेहुणा मला घालून पुन्हा मक्याच्या शेतातून बाहेर यायचा. असा मी एकाच पिक्चरमध्ये चारदा मेलो आणि दर वेळी उठून चालू लागलो. एकदा मशालीने माझे खालचे टोक जळाले, तेव्हा रंगरंगोटी करणाऱ्या बाईने हाताला आले ते निळे कापड तिथे लावून दिले. फार मजेचे दिवस होते ते. चालायचे, पडायचे, उठायचे. घडी घालायला कुणाला वेळच नव्हता.

पिक्चर संपला आणि मी ट्रंकेत गेलो. किती वर्षे, ते विचारू नका. शेवटी जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात दाबून मला जहाजावर चढवले. डोळे उघडले ते थेट नाशिकला, गोदावरीच्या काठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात, ताडपत्रीवरच्या ढिगात. तिथे सिन्नरच्या गोटीरामांनी मला उचलले. ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचे पहारेकरी होते. त्यांनी मला झटकले, अंगात घातले आणि चार पावले चालून पाहिले. आरसाबिरसा मागितला नाही. मला माणूस तिथेच आवडला.

त्यांच्या घरात ते आणि त्यांची मुलगी उज्वला, दोघेच. आई ती लहान असतानाच गेलेली. उज्वला मेडिकलच्या दुकानात कामाला होती आणि तिला एकच नाद होता, युरोपातले जुने, स्वस्तातले, मेलेल्या माणसांचे पिक्चर मोबाईलवर बघायचे. तिच्या सुट्टीच्या दिवशी गोटीराम पाळीवरून यायचे, मला न काढताच बाजेवर बसायचे, आणि चहा पितापिता दोघे एकाच मोबाईलमध्ये डोके घालायचे. पिक्चरची भाषा परकी. खाली इंग्रजीत अक्षरे यायची, ती उज्वला वाचून सांगू लागली की गोटीराम वैतागायचे.

"वाचू नको गं. कळतंय मला. मेलेला आला, जित्ता पळाला. अजून काय पायजे?"

मित्रांनो, या पिक्चरांत लोकांना काय आवडते, हे मला त्या बाजेवर समजले. गोटीराम नटीकडे कधी बघायचेच नाहीत. ते मागच्या रांगेतल्या मेलेल्यांकडे बघायचे.

"त्यो बघ, हातातलं घड्याळ काढायचं राहून गेलंय येड्याचं," ते म्हणायचे. "आणि तरी किती मनापासून चालतोय! मोठ्या पिक्चरात लय चकाचक असतं, पण माणूस दिसत नाय. हा कुणाचा तरी बाप असंल. जेवणाच्या सुट्टीत बसून खात असंल."

"पैसा नव्हता नाना त्यांच्याकडं," उज्वला म्हणायची, "पण हौस बघा."

हौस, अगदी बरोबर. हौस असली की लेपाची भेग दिसते, पाकाचे रक्त ओळखू येते, आणि तरीही मक्याची कणसे हलली की छातीत धस्स होते. इतके हसणारे गोटीराम शेवटी मेलेले दाराशी आले की हळूच दोन्ही पाय बाजेवर घ्यायचे. उज्वला चिडवायची आणि स्वतःही त्यांना चिकटून बसायची.

एका रविवारी तिने एक नवा पिक्चर लावला. नवा म्हणजे तिला नवा. मका दिसला, चाकाच्या खुर्चीवरचा कॅमेरा हेलकावत पुढे सरकला, आणि माझ्या अस्तरातून काटा गेला. मक्यातून मी येत होतो! उज्वलाने पिक्चर थांबवला. आधी मोबाईलकडे पाहिले, मग माझ्या खालच्या टोकाकडे.

"नाना, हा तुमचा कोट हे! निळं ठिगळ बघा!"

गोटीरामांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग ते उठले आणि दोन्ही हात पुढे धरून, मान वाकडी करून अंगणभर चालले. शेजारच्या बायका हसून बेजार झाल्या. त्या दिवसापासून गेटवर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला मी दाखवला जाऊ लागलो. त्यांचे कारखान्यातले जोडीदार सलाउद्दीन यांनी तर ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की पुढेपुढे तेच ती सांगू लागले.

मग पावसाळ्यात गोटीरामांच्या छातीत कळ आली आणि दोन दिवसांत ते गेले. मी खुंटीवर होतो. मित्रांनो, मला इतक्या वेळा मरायची सवय, पण झुडपामागून कुणी उठून आले नाही. मला फार वाईट वाटले, अजून वाटते.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. दहाव्याला गाठोडे बांधून ते गरजूंना देतात. उज्वलाच्या आत्याने, सुलाबाईंनी, शर्ट बांधले, पायजमे बांधले आणि माझ्याकडे हात केला. उज्वलाने मला घट्ट धरले.

"ह्यो नाय द्यायचा आत्या."

"असं करू नये बाई. मेल्या माणसाचा कपडा हे. जीव घुटमळतो त्याच्यात."

"मग घुटमळू दे की! नानांचा वास हे याला. एवढंच राहिलंय माझ्याकडं."

सुलाबाईंनी पदराने डोळे पुसून गाठोड्याची गाठ मारली आणि मी कपाटात गेलो.

जीवबीव कुणाचा घुटमळत नव्हता. घुटमळत होतो मी. डांबरगोळ्यांच्या वासात, अंधारात, बाह्या लोंबकळत. उज्वला कामावरून आली की कपाट उघडायची, माझ्यात तोंड खुपसायची आणि पुन्हा दार लावायची. पिक्चर बघणे तिने सोडले. जेवणही नावालाच. बाहेर मोबाईलचा आवाज नाही, हसणे नाही. ती तिकडे बाजेवर कोंडलेली आणि मी इकडे. तिच्यासाठी मी काहीही केले असते, पण कपाटातला कोट काय करणार? आणि तिला ज्याची आस होती तो वास तर रोज थोडा थोडा उडून चालला होता.

थंडी पडली. एका संध्याकाळी पाळीवर जाताजाता सलाउद्दीन तिची विचारपूस करायला आले. आता गोटीरामांच्या गेटवर तेच उभे राहत होते. अंगात पातळ स्वेटर, हात काखेत.

"चाचा, एवढ्यावर भागतं का तिथं?"

"भागवायचं बेटा. गेटवर हवा लय मारते. तुझा बाप त्या कोटात राजासारखा उभा राहायचा."

उज्वला आत आली. कपाट उघडून तिने माझ्यात तोंड खुपसले, आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग मला घेऊन दारात गेली.

"नानांचा वासच गेला चाचा याच्यातून," ती म्हणाली आणि रडू लागली. "नुसत्या डांबरगोळ्या राहिल्या. घाला तुम्ही."

"नको बेटा. आठवण हे ती तुझी."

"घाला ना. मला एकदा चालताना बघू द्या त्याला."

सलाउद्दीन यांनी मला घातले आणि सावकाश एकेक बटण लावले. मित्रांनो, माझे मागणे इथेच सांगून टाकतो, कारण एकदा चालायला लागलो की मी कुणाचे ऐकत नाही. आमची काळजी घ्या, पण आम्हाला कोंडून ठेवू नका. आपल्या माणसाचा कपडा जपायचा असेल, तर तो अंगात घाला, नाहीतर ज्याला थंडी वाजते आहे त्याला द्या. वापरला नाही की कपडा विरतोच, आणि आठवण त्याच्या आधी विरते.

आम्ही गल्लीतून निघालो. मागे उज्वला उंबऱ्यावर उभी होती. तिला फक्त माझी पाठ दिसत होती, आणि अंधारून आले होते.

"नाना!" तिच्या तोंडून निघून गेले.

सलाउद्दीन थांबले. वळले असते तर त्यांची पांढरी दाढी दिसली असती. ते वळले नाहीत.

"हां, बोल पोरी."



"डबा वेळेवर खा," उज्वला म्हणाली.

"खातो. तू जा आत. गार हे."

दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ते पाठ फिरवून तसेच उभे राहिले. मग आम्ही गेटकडे चालू लागलो.