भिंतीपलीकडची फांदी

थोरल्याने गळालेलं फळ अंगणात असं आपटलं, की दाणे टिपणाऱ्या कोंबड्या चारी दिशांना पळाल्या.

"हेसुद्धा गेलं! मुठीएवढं झालं, शेंड्याला पिवळं पडलं आणि गळलं. कुणाची नजर लागलीय या वेलीला, कळत नाही."

बायको भांडी घासत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "नजर लागायला काही दिसायला तरी पाहिजे. यंदा आपल्या वेलीवर पानांशिवाय आहे काय?"

थोरल्याच्या मस्तकात तिडीक गेली, पण बोलणं खरं होतं. पानं छत्रीएवढाली, देठ मनगटासारखे, आणि फळाच्या नावानं भोपळा. तोसुद्धा कागदावरचा.

आता हे गावात कुणाला सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. थोरल्याचा भोपळा म्हणजे चार माणसांनी उचलायचा. सुगीनंतरच्या बाजाराला तो काट्यावर चढला, की बाकीचे आपापली फळं मुकाट्याने गाडीत परत टाकायचे. बी वडिलांचं होतं. वडिलांनी जाताना दोन्ही मुलांना निम्मं निम्मं दिलं. धाकट्याने आपल्या वाट्याचं बी बाजारच्या भोपळ्यांशेजारी लावलं, मधमाश्यांनी इकडचं तिकडे केलं, आणि चार वर्षांत त्याच्याकडे ना हे ना ते असं वाण झालं. थोरल्याने मात्र आपलं बी जिवापाड जपलं. मादीफूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याला चिंधी बांधायची, पहाटे सोडायची, आपल्याच वेलीचं नरफूल त्यात फिरवायचं आणि पुन्हा चिंधी बांधायची. पलीकडची माशी आत शिरता कामा नये.

पण गेल्या वर्षी पावसाने फळ बुडातून सडलं, आतलं बी कुजलं. डब्यात जुनं उरलेलं तेवढंच मातीत घातलं, त्यातलं एकच उगवलं. ही वेल फळाशिवाय वाळली, की वडिलांचं बी जगातून गेलं. त्या धास्तीने थोरल्याला घास गोड लागत नव्हता.

त्याने करायचं बाकी काही ठेवलं नव्हतं. आधी पाणी वाढवलं, मग तोडलं. बुडाशी राख टाकली. शेणखत जास्त झालं म्हणून खोऱ्याने ओढून काढलं. मुंग्यांवर चिडला, उन्हावर चिडला. शेवटी बोट भिंतीकडे, पलीकडे राहणाऱ्या धाकट्याकडे वळलं.

"त्यानंच काहीतरी फवारलं असणार. वारा तिकडूनच येतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणत बायकोने हात धुतले, आतून विळी आणली आणि ते गळालेलं फळ मधोमध चिरलं. दोन्ही फाका त्याच्यापुढे ठेवल्या. "बघा. आत बी कुठंय? नुसता कापूस. याला नरफूल लागलेलंच नाही."

"मी माझ्या हातानं फिरवलंय."

"वाळलेलं फिरवलंत. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. या उन्हात त्याच्यात जीव राहतो का?"

फडक्यातल्या फुलांची पिवळी पूड केव्हाच करपली होती, हे थोरल्याच्याही बोटाला कळत होतं. कबूल करायचं म्हटलं, तर पुढचं सगळंच कबूल करावं लागलं असतं.

पुढचं सगळं म्हणजे फांदीचं. त्या घरात एक रीत होती, दुसरं कुणी ती पाळत नसे. वडील सगळ्या वेलीवरची नरफुलं कळीतच खुडत. नुसतं आयतं खाणारे, म्हणत. कामापुरती एकाच फांदीवर राखत. थोरल्यानेही तसंच केलं. यंदा राखलेली फांदी नेमकी भिंतीकडे धावली आणि मोरीच्या भोकातून पलीकडे गेली. धाकटा भिंतीवरून एवढंच म्हणाला, "दादा, तुझी वेल आमच्या मिरच्यांवर चढलीय रे."

झालं. वाटणीपासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "तुझ्या मिरच्यांना माझ्या वेलीचं ओझं होतं काय!" असं ओरडत थोरल्याने खरोखरीचा विळा आणला, फांदी भोकापाशी कापली आणि भोकात दगड ठासले. अलीकडच्या तुकड्यावरची होती तेवढी फुलं फडक्यात बांधून ठेवली. फांदी कापली म्हणजे राखलेली सगळी नरफुलंच आपण कापली, हे त्याला त्या रागात सुचलं नाही. नंतर सुचलं, तेव्हा सांगायला तोंड नव्हतं. नवी नरफुलं धरेपर्यंत हंगाम हातचा जाणार होता.

"शेंड्याला दोन कळ्या आहेत," बायको म्हणाली. "उद्या उमलतील. त्याच्यानंतर मादीफूल नाही. भावोजींकडे फुलांना तोटा नाही. एक मागा."

"त्याचं फूल माझ्या वेलीला? वडिलांच्या बियात बाजार मिसळू?"

"नका मिसळू. मग संपू दे. निव्वळ आहे, तसं निव्वळ संपू दे."

ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला थोरला धाकट्याच्या दारात उभा होता. पायात चपला नव्हत्या. घालायला गेलो तर विचार बदलेल, या भीतीने तसाच आला होता. धाकटा बादली घेऊन बाहेर येत होता, त्याला बघून जागीच थबकला.

"दादा? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही."

"मग तू कसा काय आलास?"

थोरल्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "फूल पाहिजे. नरफूल. एखादं."

धाकट्याने बादली खाली ठेवली. "अस्सं. अडला हरी. आणि गाढव मी, होय ना?"

"द्यायचं तर दे. नाहीतर जातो."

"थांब रे. तुझं हे नेहमीचंच आहे. मागतोस तेसुद्धा भांडल्यासारखं." धाकटा त्याच्या पुढे झाला. आपल्या वाफ्यांवरून तो सरळ भिंतीकडे गेला. तिथे काठ्या रोवून वर पोतं ताणलेलं होतं. पोत्याचं टोक त्याने वर केलं.

खाली वेल होती. भोकातून आलेल्या कापलेल्या टोकावर माती चढवलेली, तिच्यापुढे फांदी हिरवीगार पसरलेली, आणि तिच्यावर ओळीने उभी ताजी नरफुलं. शेवटी मोठ्या पानाच्या आड, गवतावर टेकवलेलं, घागरीएवढं फळ.

थोरल्याने ते लगेच ओळखलं. एका अंगाला झुकलेलं पोट, देठापाशी हिरवट पट्टा. वडिलांचाच भोपळा.

"तू कापलीस, तेव्हा तिच्या पेरांना मुळं फुटली होती," धाकटा म्हणाला. "माती लोटली, पाणी घातलं. चार दिवस मान टाकून होती. मग जगली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या हातात विळा होता."

थोरल्याला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. तो उगाच फळापाशी वाकला. "याला चिंधी बांधली नव्हतीस?"

"नाही."

"म्हणजे बी बिघडलं असणार. माशांनी कुठलं कुठलं आणलं असेल."

"असेल बिघडलं," धाकटा म्हणाला. "पण धरलं."

धाकट्याने लांब देठासकट दोन नरफुलं खुडली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली. "ही बाबांचीच आहेत. तुझ्या बियाला डाग नाही लागायचा. आता पळ, ऊन वर आलं की मादी मिटेल."

थोरला पळाला. या वयात, अनवाणी. बायको वेलीपाशी पान बाजूला धरून उभीच होती. त्याने नरफुलांच्या पाकळ्या सोलल्या, आतल्या दांड्या दोन्ही मादीफुलांत हळूहळू फिरवल्या, आणि चिंधी मात्र बांधलीच. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. बायको बघत होती. तिने तोंड उघडलं नाही, हे त्या दिवसातलं तिचं सगळ्यात मोठं उपकाराचं काम.

एक फळ चार दिवसांतच पिवळं पडून गळालं. दुसरं राहिलं. लिंबाएवढं, मग पेरूएवढं झालं, शेंडा हिरवा राहिला. मग एका सकाळी त्याने मान खाली वळवली. वडील म्हणत, फळानं मान वळवली की ते वेलीचं झालं. थोरला तिथेच मातीत बसला आणि त्याने डोळे पुसले.

पण उशीर तो उशीरच. हे फळ फार तर तांब्याएवढं होणार होतं. त्याच्या पोटात पुढच्या वर्षाचं बी असेल, एवढंच. बाजाराला काट्यावर चढेल ते धाकट्याचं. लोक त्याची पाठ थोपटतील, थोरल्याला विचारतील, "यंदा काय झालं हो?" ते नुसतं मनात आलं तरी त्याचं तोंड कडू होई. वेल कुणाची होती ते आपण सांगायचं की नाही, यावर तो रात्री कूस बदलत राही. सांगायला गेलं तर विळ्याचंही सांगावं लागणार होतं.

एका दुपारी बायकोला भिंतीकडून खडखड ऐकू आली. बघते तर थोरला पहार घेऊन मोरीचं भोक उकरत होता.

"अहो, हे काय? कोंबड्या पलीकडे जातील."

"जाऊ देत. पुढच्या वर्षी वेलीला वाट नको?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "दादा, खालचे दगड काढ हवे तर. वरच्याला हात लावू नकोस, भिंत अंगावर येईल."

"मला शिकवू नकोस," थोरला ओरडला. "भिंत मी बांधलीय."

आणि त्याने पहार वरच्या दगडाखाली घातली.