वाळूच्या थरातली माणसं

म्हाताऱ्या बी सलामाच्या माशांच्या तळ्याचं खणकाम छातीइतकं खोल गेलं आणि पांगानी नदी समुद्राला मिळते तिथल्या काळ्या चिखलात फिकट वाळूचा पट्टा लागला. पट्ट्यात माणसांची हाडं होती. पाच-सहा जणांची. कुणी पालथं, कुणी एकमेकांच्या अंगावर आडवं; किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, तोंड एकाचंही नाही. सलामाच्या जिवाला तेच लागून राहिलं. घरी पाहुणा उपाशी झोपला तर जसं वाटावं, तसं.

मशिदीचे शेख म्हणाले, "मुसलमान होते की नव्हते, कुणाला ठाऊक?"

"अल्लाहला ठाऊक आहे, तेवढं पुरे," सलामा हळूच म्हणाली. "माझ्या जमिनीत निघाले, म्हणजे माझेच. कफनाशिवाय कसे ठेवू? यांतला तुकडाही कुठे जाणार नाही."

पण खबर ऐकून दार-एस-सलामहून मातीचे थर वाचणारी न्यामिझी आली, ती खोकीच घेऊन. दोन दिवस बसून तिनं प्रत्येक हाडाचं चित्र काढलं आणि म्हणाली, "आजी, सगळी न्यावी लागतील."

"कुठली गं तू?"

"ताबोराची. न्यामवेझी जमातीची."

सलामाचा चेहरा एकदम खुलला. किनाऱ्याच्या लोकांचं आणि न्यामवेझींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकानं काहीही बोलावं, दुसऱ्यानं रागवायचं नाही.

"तरीच! तुझे पणजोबा दुसऱ्यांचे हस्तिदंत वाहायचे, तू दुसऱ्यांची हाडं वाहायला निघालीस. डोक्यावरचं ओझं काही सुटत नाही बाई तुमचं!"

"आणि तुम्ही किनाऱ्यावरचे? समुद्र दारात आला तरी चटईवरून उठला नाहीत. बघ, आडवेच सापडले!"

दोघी हसल्या. मग न्यामिझीनं तिला खाली उतरवून वाळूला हात लावायला सांगितलं. "तळाशी भरड आहे, वर बारीक होत गेलीय. आणि हे कण बघ, खोल समुद्रातल्या जिवांच्या कवचांचे. नदीचा पूर असली वाळू आणत नाही. मोठी लाट आली होती, हजारेक वर्षांपूर्वी. नेमकी कधी, ते या माणसांच्या हाडा-दातांवरून कळेल. मग अशा लाटा किती वर्षांनी येतात, याचा काही अंदाज बांधता येईल."

सलामानं चिमूटभर वाळू बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाली, "मयत कुणाच्या घरचं?"

"तुझ्या," न्यामिझी बोलून गेली.

"मग कबर कुणी खणायची?"

न्यामिझीनं जीभ चावली. मयताच्या घरी कबरीचं काम थट्टेच्या नातेवाइकानंच करायचं, हे तिलाही माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर ताबोरात तिच्या सख्ख्या आजीनं उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

"सवय आहेच की तुला," सलामा म्हणाली. "आल्यापासून खणतेच आहेस!"

शुक्रवारी, नमाजानंतर, उंचावरच्या जागेत कबर तयार झाली. पांढऱ्या कापडात बांधलेली गाठोडी आली. न्यामिझीनं फावडं बाहेर टाकलं आणि स्वतः कबरीत मांडी घालून बसली.

"ऊठ गं!"

"आधी माझा मान. मागितलेलं हातात पडेपर्यंत जागा सोडायची नाही, हाही रिवाजच ना?"

शेखांनी ओठ दाबून हसू आवरलं. सलामा अडकली. "काय हवंय? कोंबडी? नारळ?"

"डबाभर वाळू. आणि एक दात."

"वाळू हवी तेवढी ने."

"आणि दात?"

तुकडाही कुठे जाणार नाही, हे सलामाचेच शब्द होते. पण वाळूचे ते थंड कण अजून तिच्या बोटांना लागल्यासारखे वाटत होते. खाली नदीच्या तोंडाशी पोरींची आंघोळ चालली होती. त्यांचा गलका वरपर्यंत येत होता. तिनं तिकडे पाहिलं. मग गुडघे टेकून बिस्मिल्ला म्हणत एका गाठोड्याची गाठ सोडली आणि पार झिजलेल्या दातांच्या जबड्यातून एक दात अलगद सोडवला.

"हे म्हातारबुवा दिसतात. यांना आता चावायचं काही उरलेलं नाही. पण काम झालं की परत आणायचा. तू स्वतः. टपालानं नाही."

"आणीन, आजी."

"आण, आणि जेवायला थांब." तिनं दात न्यामिझीच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. "आता नीघ बाहेर. कफनाचं कापड उरलंय, तुझ्या मापाचंही निघेल!"