भट्टीचं गाणं

"गाण्यात काय हाय गो, मंगळे?" नागोठणं मागं पडलं तेव्हा जीप चालवता चालवता काळुरामनं विचारलं.

"मोहाची फुलं, नदी... बायांचं बोलनं, शेठ."

"माझं नाव नाय ना त्यात?"

"नाय."

"मग मीपन ऐकतो. रवीच सांगत व्हता, आय रोह्याला जानार. पोरगा कामाचा हाय. भट्टीवर चढतो, तर अगदी बापावानी."

मंगळी खिडकीबाहेर बघत राहिली. दुपारी त्याची जीप वाडीत येऊन उभी राहिली तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. काळुराम कोळसाभट्ट्यांचा मुकादम. भातं कापून झाली की गागोद्याकडच्या वाड्यांतली माणसं तो घाटावर न्यायचा. मंगळीचा नवरा पांडू तिथंच जिवानिशी गेला. पेटती भट्टी कुठं खचली ते बघायला वर चढला आणि आत गेला. माणसं फावडी घेऊन धावली, तेव्हा काळुराम म्हणाला होता, "तो काय आता निघत नाय. लिंपून घ्या, माल जळतोय." माणसांनी मातीनं भोक बुजवून भट्टी लिंपली. पोलिसांना सांगितलं, प्यायला होता. यंदा त्याच मुकादमाच्या भट्टीवर तिचा पोरगा रवी होता, म्हणून मंगळी गप्प होती. बोलली ती फक्त शिल्पाजवळ.

शिल्पा पेणची. स्वतः गाणी रचायची, गिटारवर गायची. वाडीत येऊन बायांमध्ये बसायची. "मावशी, नाव कुणाचंच घालणार नाही," असं तिनं वचन दिलं होतं आणि पाळलंही होतं. आज रोह्यात तिच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, मंगळीला तिनंच बोलावलं होतं.

रोह्याच्या वाचनालयाचा वरचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक दिवा, एक माइक. माणसं मोजकीच, शहरातली. मंगळी पुढं बसली. काळुराम दाराशी बसला.

पहिली गाणी हसतखेळत झाली. मग शिल्पानं तारा जुळवल्या आणि खालच्या आवाजात सुरू केलं,

"वर माती, आत माती,
धूर गेला रानात...
भट्टी लिंपा, कोण गो म्हणालं?"

तिथं तिनं ओळ मोकळी सोडली. नुसती गिटार वाजत राहिली. लोक मान खाली घालून ऐकत होते.

वाडीत असं कुणी करत नाही. लग्नात एका रांगेतल्या बाया गाण्यातून विचारतात, समोरच्या रांगेनं उत्तर द्यायचंच असतं. उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. मंगळी लहानपणापासून समोरच्या रांगेतली. तिनं ओठ दाबून धरले. शिल्पानं दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा कुणीच बोललं नाही.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मंगळीच्या गळ्यातून, त्याच चालीत, आलं,

"काळुराम गो म्हणाला... काळुराम मुकादम..."

शिल्पाचा हात तारांवरच थांबला. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. काळुरामनंही टाळ्या वाजवल्या. सगळे थांबल्यावरही तो वाजवत होता. मग फोन कानाला लावून तो जिना उतरला.

शिल्पानं कार्यक्रम तिथंच थांबवला आणि मंगळीचा दंड धरला. "मावशी, त्याच्याबरोबर जाऊ नका. माझ्याकडे राहा. उद्या आपण पोलिसांकडे जाऊ."

"उद्या जाऊ. पन पोरगा आज त्याच्या भट्टीवर हाय, बाय."

"मग मी येते."

"तू हितं ऱ्हा. तुला ऐकायला मानसं येतात. तू सांग त्यांना, ह्यो खेळ नव्हता."

खाली जीप सुरूच होती. काळुराम गोड हसला. "आवाज भारी हाय गो तुझा. रवीला आत्ताच सांगितलं, आयनं नाव काढलं. बस, घरी सोडतो."

मंगळी त्याच्या शेजारच्या सीटवर चढली. पदर मांडीखाली नीट दाबून घेतला.

"घरी नको, काळुराम. भट्टीवर ने."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. जीप घरची वाट सोडून कोलाडच्या, घाटाच्या दिशेनं वळली. बाहेर दिवे लागत होते. मग काळुरामनं रेडिओ लावला.

मंगळीनं हात लांब केला आणि तो बंद केला.