सिद्दिनाच्या उशाखालची डबी

मी एक जुनी डबी आहे. ऑलिव्हच्या लाकडाची, मुठीत मावेल एवढी. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगते. तुम्ही इतक्या जवळ आलात, म्हणजे तुम्हाला माझे झाकण उघडून पाहायचे असणार. जरा लांबूनच ऐका.

मला सिद्दिनाच्या वडिलांनी कोरले, तिच्या केसांच्या काट्यांसाठी. लग्न झाल्यावर ती मला घेऊन कार्थेज शहराजवळच्या एका गावी, तेलाचा घाणा चालवणाऱ्या मुथुनच्या घरी आली. तेव्हा बादशहालाच देव मानावे लागे; ख्रिस्ताचे नाव घेणे जिवावरचे काम होते. रविवारी पहाटे पाण्याच्या निमित्ताने ती कोणाच्या तरी मागच्या खोलीत प्रार्थनेला जाई. तिथली आशीर्वाद दिलेली भाकरी माझ्यात घालून आणी, मला उशाखाली ठेवी आणि आठवडाभर रोज सकाळी, काहीही खाण्याआधी, त्यातला एक कण तोंडात टाकी. मला फार अभिमान वाटे. मी उंदरांवर संशय घेई, मुंग्यांवर घेई, आणि सर्वांत जास्त तिच्या सासूवर, अरिशातवर.

अरिशातने एकदा ते दाराआडून पाहिले. शेजारणीला म्हणाली, "आमच्या सूनबाई न्याहारीआधी गुपचूप काहीतरी खातात. उतारा असणार. विष आमच्या पानात, उतारा हिच्या पोटात."

"अगं, मग विचार की तिला."

"विचारल्यावर सांगेल होय ती?"

तेवढ्यात अंजिरे जास्त खाऊन मुथुनचे पोट बिघडले. म्हातारी तडक चौकीवर गेली.

शिपाई घरी आला. त्याने मला उघडले, हुंगले आणि भाकरीचा तुकडा जमिनीवर झटकला. "म्हातारे, हे विष नाही. सून तुझी ख्रिस्ती आहे."

"एवढंच ना? मग जा तुम्ही. भांडी पडलीत घरात."

"विष असतं तर सोडलंही असतं एखादवेळेस. याला सुटका नाही."

अरिशातचा चेहरा उतरला. तिने झडप घालून मला त्याच्या हातातून हिसकावले. "डबी माझी आहे. दात नाहीत मला, मऊ तुकडे जपून ठेवते."

शिपाई सिद्दिनाकडे वळला. ती नुसती गप्प राहिली असती तरी चालले असते.

"आत्याबाई, माझ्यासाठी खोटं बोलू नका," ती म्हणाली. "डबी माझीच आहे." तिने वाकून तुकडा उचलला, खाल्ला आणि शिपायाबरोबर निघाली.

न्यायाधीशाने तिला बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला सांगितले. तिने टाकला नाही. ती परत आली नाही.

अरिशात ख्रिस्ती झाली नाही. सून नेणारा देव कसला, म्हणे. पण रोज सकाळी स्वतः खाण्याआधी ती जवाच्या भाकरीचा तुकडा माझ्यात ठेवी आणि कालचा पाखरांना घाली. एकदा झाकण लावता लावता पुटपुटली, "शेजारणीला सांगितलं, शिपायाला सांगितलं. पोरी, काय खातेस गं, एवढं मात्र विचारलं नाही." तेव्हापासून मी तिच्यावर संशय घेणे सोडले.

आता सिद्दिनाला संत म्हणतात. मी तिच्या कबरीजवळ असते. लोक माझे चुंबन घेतात आणि ताईत करायला माझी ढलपी काढून नेतात. मित्रांनो, मला कोरू नका, जपा. आणि घरातल्या कोणाचा संशय आलाच, तर झाकणाला हात लावण्याआधी त्या माणसालाच विचारा.

सिद्दिनाने खरेच सांगितले असते.