मला परत आणून देऊ नका

मी काढ्याचं मडकं बोलतोय. माझ्यावर फार विश्वास ठेवू नका. माझा स्वतःचाही नाही. माणसांना मी बरं करतो, की त्यांचे आजार पोटात साठवून दुसऱ्याच्या घरी पोचवतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दक्षिण चीनमधल्या एका भट्टीत मी भाजला गेलो. साउयिनबाई लग्न होऊन अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईने मला रजईत गुंडाळून ट्रंकेत घातलं. ओकलंडच्या चायनाटाउनमध्ये त्यांचा संसार झाला. मुलगी कोरीन इथेच जन्मली, शिकली आणि लग्नानंतर टेकडीवरच्या घरात राहायला गेली.

आमच्या लोकांत माझी एक रीत आहे. मला उसनं न्यावं, पण परत आणून देऊ नये. मडकं कुणी दारात आणून ठेवलं की मागोमाग आजार येतो म्हणे. ज्याला गरज असेल त्याने स्वतः जाऊन न्यावं. न्यायला आलेल्याला काही होत नाही.

कोरीनचा खोकला हटेना, तेव्हा साउयिनबाईंनी फोनवर बजावलं, "मी आणून देणार नाही. तू येऊन घेऊन जा." कोरीनला वाटलं, आईने भेटायला बोलवायचा बहाणा काढला. ती आली, मला घेऊन गेली. निम्मा काढा तिने सिंकमध्ये ओतला. मी कुणाला बोललो नाही.

पुढे साउयिनबाईंची साठी आली. कोरीनने मला घासून लख्ख केलं, लाल फीत बांधली, आत संत्री भरली आणि आईच्या दारात उभी राहिली. शेजारच्या फंग मावशी वाढदिवसाच्या लांबलचक शेवया खात होत्या. त्यांच्या तोंडातली शेवई तशीच लोंबत राहिली.

"अगं, आजच्या दिवशी हे?"

"का? नेलेली वस्तू परत करू नये का, मावशी?"

"ठेव तिकडे," साउयिनबाई एवढंच म्हणाल्या. सगळे गेल्यावर मात्र त्या माझ्याकडे बघत बसल्या. हिला खरंच माहीत नाही, की माहीत असून आणलं? मलाही सांगता आलं नसतं. कोरीन मात्र चिडून गेली होती. तिला वाटलं, आपण आणलेलं काहीच आईला आवडत नाही!

थंडी सुरू झाली आणि साउयिनबाईंना खोकला लागला. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यांनी मला तांदळाच्या पोत्यामागे लपवलं. रागावल्या असतील, असं मी धरून चाललो. खरं वेगळंच होतं. काढ्याचा वास सगळ्या इमारतीत पसरतो. फंग मावशींना कळलं असतं, मग साऱ्या गल्लीला: लेकीने मडकं आणून दिलं, आई आजारी पडली. म्हणून त्या उशीत तोंड खुपसून खोकत.

"आई, तुझा आवाज बसलाय," कोरीन फोनवर म्हणाली.

"मिरच्या तळतेय."

"रोज?"

"तुझं काय जातंय?"

कोरीनला संशय आला. ती न सांगता येऊन थडकली. जिन्यातच फंग मावशींनी गाठलं. "भिंतीपलीकडून ऐकू येतं मला. मडकं दारात आणून दिलंस, आता बघायला आलीस होय?" आणि सगळी रीत ऐकवली.

कोरीनने वर येऊन पोत्यामागून मला ओढून काढलं.

"ठेव ते! खोकला मला झालाय. तू कशाला नेतेस?"

"मी आणलं, मी नेणार."

"तुझ्या घरात लहान मूल आहे. हे दुखणं तिकडे नको. इथेच राहू दे."

दोघींनी मला धरून ओढलं. झाकण पडलं, कड उडाली. कोरीनने ते उचललं.

"न्यायला आलेल्याला काही होत नाही ना? तुझीच रीत," कोरीन म्हणाली. "मी न्यायला आलेय. आणि गरज तुला आहे, तेव्हा तू यायचं. माझ्याकडे येऊन प्यायचं. येऊ दे वास सगळ्या टेकडीला."

आता मी कोरीनच्या शेगडीवर असतो. साउयिनबाई बसने येतात, माझं तुटक्या कडेचं झाकण उचलून बघतात. "पाणी जास्त घातलंस." "नाही घातलं." मग हळूच सिंकचा वास घेतात. कोरीन त्यांची वाटी रिकामी होईस्तोवर समोरून हलत नाही.

माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा घासूनपुसून, फीत बांधून कुणाच्या दारात ठेवू नका. आहे तिथे राहू द्या.

कारण साउयिनबाईंचा खोकला बरा झालाय, असा मला दाट संशय आहे. रस्त्यावरून येताना त्या खोकत नाहीत. बेल वाजवतात, मग खोकतात. कोरीनच्या हे लक्षात आलंय की नाही, कोण जाणे. ती दार उघडण्याआधी शेगडी पेटवते.