झाड, दोन पक्षी आणि कात्री

मी एक जुना पंचा आहे असं कुणी म्हटलं, तर मित्रांनो, मी ऐकून घेणार नाही. पंच्याला हात पुसतात. मी रुश्निक आहे, लग्नात नवरा-नवरीच्या पायाखाली अंथरतात ते वस्त्र. पोल्टावाकडच्या एका गावात होर्पिना नावाच्या मुलीने मला जवसाच्या धाग्याने विणलं आणि लग्नाआधी माझ्या दोन्ही टोकांवर लाल दोऱ्याने भरतकाम केलं. मातीत खोल मुळं गेलेलं झाड, आणि फांदीवर चोचीला चोच लावलेले दोन पक्षी. मधला भाग तिने कोरा ठेवला. तिथे ती आणि तिचा दानिलो लग्नात उभे राहिले. आमच्याकडे लग्नाचा रुश्निक एकसंध विणतात आणि त्याला कधीच कात्री लावत नाहीत. कापला तर जोडपं तुटतं.

पुढे मी देवाच्या तसबिरीवर मिरवलो. मग कारखान्यातले पडदे आले आणि मी पेटीत गेलो. दानिलो शेवटच्या दुखण्यात थंडीने कुडकुडू लागला, तेव्हा कुठे होर्पिनाने मला बाहेर काढलं. म्हातारी कपडे उतरवून त्याच्या कुशीत शिरली आणि तिने मला दोघांच्या छातीवर पसरलं. तो हसला. संध्याकाळी तो गेला.

तिची नात यारिना हिने ती दुपार कादंबरीत लिहिली. म्हाताऱ्या बाईला मरणाऱ्या नवऱ्याजवळ लग्नाची पहिली रात्र आठवते, असं ते प्रकरण होतं. कादंबरी छापणारा तिमोफिय याच गावचा. तो कागद घेऊन घरी आला, चेरी भरून उकडलेल्या वारेनिकी खाल्ल्या आणि म्हणाला, मरण सुरेख उतरलंय, ते ठेवू. अंथरूण मात्र काढू. नाहीतर तो छापणार नव्हता, आणि दुसरं कुणी विचारतही नव्हतं. यारिनाने खाली मान घालून पेन उचललं.

होर्पिनाने तिचा हात धरला.

"तिमोफिय, तुझं लग्न कुणाच्या रुश्निकवर लागलं रे?"

"आईने भरलेल्या, काकू."

"पक्षी भरताना लाजली होती का ती?"

होर्पिनाने मला टेबलावर अंथरलं आणि शेजारी मेंढ्या कातरायची कात्री ठेवली.

"तुला मुळं हवीत, पक्षी नकोत. मग आधी हा काप."

त्याने कात्री उचलली. गार पातं माझ्या काठाला लागलं. मी हललो नाही. त्याची नजर दोन पक्ष्यांवर गेली.

"काकू, मला घरी बायको आहे," तो पुटपुटला आणि त्याने कात्री खाली ठेवली.

"माझ्या आजीलाही नवरा होता," यारिना म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

पुस्तक अख्खं छापलं गेलं. काही शेजारणी अजून होर्पिनाला पाहून तोंड फिरवतात. ती त्यांना मुद्दाम हाक मारते आणि चहाला बोलावते. मी पुन्हा तसबिरीवर आहे. तिने सांगून ठेवलंय की तिच्या शवपेटीत मला घालायचं, आणि तेही अख्खं.

मित्रांनो, तुमच्याही घरात पेटीच्या तळाशी माझ्यासारखं काहीतरी घडी घालून ठेवलेलं असेल. त्याला ऊन दाखवा. कसर लागू देऊ नका. आणि लाज वाटते म्हणून कुणी त्याचा तुकडा पाडायला आलं, तर त्याच्या हातात कात्री द्या आणि समोर बसून राहा.