पंपघरापर्यंत गेलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून बोलायचा. माझी जोडणी उरवड्याच्या एका कारखान्यात झाली. कासार आंबोलीचा रामदास मारणे हा फिटर आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात नोकरीला निघाला, तेव्हा तो मला सोबत घेऊन गेला. यंत्रांच्या घरघरीत माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. सहा वर्षं मी तिथे पाळी बदलल्याचं सांगितलं आणि मुलांच्या शर्यतीही लावल्या.

मग त्या देशात आपसातलं युद्ध पेटलं. फोन बंद पडले. एका सकाळी रेडिओवर सूचना आली, ‘उद्या दुपारनंतर शहरावर हल्ला होईल. परदेशी रहिवाशांनी बाराच्या आत बाहेर पडावं.’

रामदासने माझ्यात नवे सेल घातले. त्याची बायको दीपाली म्हणाली, “बाहेर गोळीबार चाललाय. कुटं निघालात?”

“घराघरात सांगून येतो. ज्यांना कळणार न्हाई, ते हितंच अडकतील.”

वसाहतीत पाच देशांची कुटुंबं होती. रामदास हिंदीत, मोडक्या इंग्रजीत ओरडत गल्लीगल्लीतून फिरला. बंद दारं उघडली. पण दारात त्या देशातलीच माणसंही उभी होती. एका म्हातारीने स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, “आणि आम्ही?” रामदासने मला तोंडापासून खाली घेतलं. माझा आवाज मोठा होता, पण तिच्यासाठी माझ्याकडे एकही शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला फाटकाशी बस लागली. यादी घेऊन मोजणी झाली, तर बहिरू नाही. मुळशीच्या डोंगरवस्तीतला हा माणूस तीन किलोमीटरवर, नदीकाठच्या पंपघरात कामाला होता. रामदास मला घेऊन धावला.

“बहिरू, चल. बस सुटतीया.”

“पंप बंद पडला तर गाव काय पिईल?”

“इद्रिसला चालवाया येतोय ना?”

“येतोय. बिघडला तर दुरुस्ती न्हाई येत.”

इद्रिस तिथलाच मदतनीस. रामदासने घड्याळ पाहिलं आणि पान्हा हातात घेतला. वीस मिनिटांत त्याने इद्रिसला पंपाची गळती रोखणारं पॅकिंग बदलायला शिकवलं. मग मला त्याच्या हाती देत म्हणाला, “तुमच्या माणसांना तू सांग.”

मग बहिरूने पंपघराचा ट्रॅक्टर काढला आणि आम्ही सगळे निघालो. वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर इद्रिस माझ्यातून त्यांच्या भाषेत बोलला. पाणी भरून घ्या, लेकरं-म्हातारी घेऊन नदीपलीकडे जा. वसाहतीतल्या त्या म्हातारीच्या गल्लीतही तो बोलला. ती गाठोडं बांधायला आत वळली.

आम्ही फाटकाशी पोचलो, तेव्हा बारा वाजून गेले होते. बस उभी होती, कारण दीपाली दाराच्या पायरीवर बसून होती आणि चालकाला दार लावता येत नव्हतं. “माझा मानूस आल्याबिगर मी उठायची न्हाई,” एवढंच ती म्हणत होती. इद्रिस मला रामदासकडे देऊन ट्रॅक्टरने पंपघराकडे परत फिरला.

आम्ही सुखरूप परतलो आणि गावी माझं कौतुक झालं. ग्रामसभेत मी दोन वर्षं बोललो. मग मोठे स्पीकर आले आणि मी अडगळीत, रंगाच्या डब्यांमागे गेलो. सेल तसेच राहिले, ते पाझरले आणि माझ्या तारांना गंज चढला. मित्रांनो, काम झालं की आमच्यातले सेल काढत चला. वेळ सांगून येत नाही.

आणि धोक्याची सूचना द्यायची पाळी तुमच्यावर आली, तर जे यादीत नाहीत त्यांच्याही दारी थांबा. आम्ही गावी परतल्यावर दोन महिन्यांनी इद्रिसचा निरोप आला होता. ‘पंप चालू आहे.’